फितीपलीकडचा बाक

पुण्याहून परत आलं की अकोल्यात दोनच प्रश्न विचारतात. बाकरवडी आणली का, आणि काय काय पाहिलं. पहिल्याचं उत्तर मी पिशवीतून काढून देते. दुसऱ्याचं उत्तर यंदा दिलं, "बसस्टॉप पाहिला," तर शेजारच्या सिंधूताई बाकरवडीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. शनिवारवाडा नाही, सारसबाग नाही, नवे मॉलसुद्धा नाहीत? आठवडाभर राहून ही बाई बसस्टॉप बघून आली! निवृत्त झाल्यापासून माझं काहीतरी बिघडलंय अशी त्यांना शंका होतीच, तिची आता खात्री झाली. म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे. ज्यांना पुण्याला जायचं नाही त्यांनी वाचावं, ज्यांना जायचं आहे त्यांनी छत्री बरोबर घ्यावी.

कर्वेनगर

रेल्वेचा प्रवास नेहमीसारखाच झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. स्टेशनवर उतरले ती थेट कर्वेनगरात गेले, प्रज्ञाकडे. प्रज्ञा माझ्या धाकट्या भावाची मुलगी, आर्किटेक्ट आहे. लहानपणी अंगणात वाळूची घरं करायची तेव्हाही मला हाक मारून विचारायची, "आत्या, दार कुठल्या बाजूला ठेवू? ऊन कुठून येईल?" मी शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे मला सूर्याची खबर असते असा तिचा समज होता. आता ती एका छोट्या ऑफिसात कामाला आहे आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये श्रुती नावाच्या मैत्रिणीबरोबर राहते.

श्रुती सॉफ्टवेअर कंपनीत. माझी तिची भेट रोज सकाळी दारात व्हायची, ती एका पायात बूट घालत असताना. "आत्या, सॉरी हं, पिकअप मिस होईल, ब्रेकफास्ट स्किप करते!" एवढं बोलून ती जिना उतरलेली असायची. कोपऱ्यावर तिच्या कंपनीची पांढरी बस यायची, काचा बंद, पडदे लावलेले. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी तीत चढायची आणि बस हिंजवडीकडे निघून जायची. त्या कोपऱ्यावर थांबा नव्हता, तरी बस मिनिटाचा उशीर न करता थांबायची. जिथे थांबा होता तिथे मात्र शहराची बस थांबेल की नाही याची कुणीच खात्री देत नव्हतं.

याचा अनुभव दुसऱ्याच सकाळी आला. मी एका खांबाखाली छान उभी राहिले. एक बस गेली, दुसरी गेली, मी हात हलवते आहे आणि चालक माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मागच्या स्टेशनरीच्या दुकानात एक गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांना विचारलं, "अहो, इथे बस थांबत नाही का?"

"थांबते."

"मग या दोन तशाच गेल्या त्या?"

"आपण विजेच्या खांबाखाली उभ्या आहात. थांब्याचा खांब पलीकडचा." पलीकडच्या खांबावरची पाटी कॉम्प्युटर क्लासच्या जाहिरातीने पूर्ण झाकलेली होती. तीन महिन्यांत जावा शिका, परदेशी जा.

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"आपण विचारलं नाहीत," म्हणून त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मला राग आला, पण खरं सांगायचं तर आमच्याकडे काय झालं असतं? अकोल्याचा दुकानदार उठून बाहेर आला असता, कुठच्या, कुणाच्या, असं विचारलं असतं, माठातलं पाणी दिलं असतं, आणि मग अगदी प्रेमाने मला चुकीच्या बसमध्ये बसवून दिलं असतं. पुणेकर प्रेम करत नाही, पण बस बरोबर सांगतो. दोन्ही एका ठिकाणी मिळालं तर बरं होईल.

पेठेत

शनिवारी प्रज्ञा मला तिचं काम दाखवायला घेऊन गेली. जुन्या पेठेतला बाजाराचा रस्ता. पूर्वी मी आले होते तेव्हा तिथे चालायला जागाच नव्हती. स्कूटरी एकीला एक खेटून उभ्या, त्यांच्या पुढ्यात गाड्या, आणि माणसं बसच्या चाकांच्या बाजूने जीव मुठीत धरून चालायची. आता त्या रस्त्याचा एक तुकडा नवा केला होता. गाड्या हटवल्या होत्या, पदपथ चांगला ऐसपैस आणि दगडी फरशीचा होता, आणि त्यावर प्रज्ञाने आखलेला बसथांबा उभा होता.

मी आत्या आहे, तेव्हा माझं कौतुक अर्धं सोडून द्या, तरी थांबा खरंच देखणा होता. छप्पर पश्चिमेकडे खाली उतरवलेलं, म्हणजे दुपारनंतरचं ऊन आत येऊ नये. पाठीला उभ्या फटी, वारा खेळायला. थांब्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत की माझ्यासारखीला चष्म्याविना वाचता यावं. आत लांबलचक लाकडी बाक, मध्ये मध्ये हात टेकायला दांडे. आणि त्या बाकावर कुणी म्हणजे कुणीही बसलेलं नव्हतं. सगळी माणसं सावलीपासून हातभर अंतरावर, भर उन्हात, डोक्यावर पदर, रुमाल, वर्तमानपत्र घेऊन उभी होती.

कारण थांब्याच्या दोन खांबांना लाल सॅटीनची फीत बांधलेली होती, आणि बाकावर प्लास्टिक घातलेलं होतं.

भाजीची रिकामी पाटी पायाशी ठेवून एक बाई उभ्या होत्या. मालनबाई त्यांचं नाव. मांजरी गावाहून शेपू-कोथिंबीर घेऊन रोज येतात आणि माल संपला की इथूनच बस धरतात. मी म्हटलं, "काहून उन्हात उभ्या आहात बाप्पा? आत बसा ना."

"आवं ताई, त्याचं उद्घाटन व्हायचं हाय अजून," त्या म्हणाल्या. "आपन बसलो आन् कुनी उठिवलं म्हंजी? चारचौघांत सोभा नको."

त्यांच्या पलीकडे पांढरा सदरा, काखेत छत्री अशी एक वयस्कर मूर्ती होती. हे दामले, बँकेतून निवृत्त झालेले. ते रोज याच वेळी वाचनालयातून घरी जातात. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "फीत दिसली नाही वाटतं? की अकोल्याकडे फिती नसतात?" माझ्या बोलण्यावरून गाव त्यांनी ओळखलं असावं किंवा प्रज्ञाचं आणि माझं बोलणं ऐकलं असावं.

"असतात हो," मी म्हटलं. "पण आमच्याकडे ऊनही असतं, म्हणून लोक सावलीत बसतात."

"नियम म्हणजे नियम," दामले म्हणाले आणि छत्री उघडून उन्हातच उभे राहिले. मीही, आता सांगायला हरकत नाही, बस येईपर्यंत त्यांच्या शेजारी उन्हातच उभी राहिले. सगळे उभे असले की आपणही उभे राहतो.

घरी येताना प्रज्ञाने खरी गोष्ट सांगितली. थांबा कधीच सुरू झालेला होता, बस तिथेच थांबत होती. उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांना वेळ मिळत नव्हता, म्हणून कंत्राटदाराने फीत आणि प्लास्टिक तसंच ठेवलं होतं. नमनालाच घडाभर तेल! पण गंमत एवढ्यावर थांबत नव्हती. हा रस्त्याचा तुकडा फक्त प्रयोग म्हणून केला होता. आसपासच्या काही दुकानदारांना गाड्या लावायला जागा परत हवी होती. येत्या शुक्रवारी अधिकारी पाहणीला येणार होते. लोक पदपथ आणि थांबा वापरताना दिसले तर पुढचा रस्ताही असाच होणार, नाहीतर थांबा काढून तिथे पुन्हा गाड्या लागणार.

"आणि ते येऊन बघणार की माझ्या थांब्यात कुणीच बसत नाही," प्रज्ञा म्हणाली. "खरंच आहे ना ते. कुणीच बसत नाही."

रात्री जेवताना तिने भाकरीचा एकच तुकडा किती वेळ चघळला. मी पिशवीतून आणलेला ठेचा पुढे केला. पुण्याची गूळ घातलेली आमटी गोड, पोरगी कडू, अशाने कसं चालायचं? ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना.

"आत्या, त्या बाकाची उंची कशी ठरवली माहितीये? सर म्हणाले, पुस्तकातली घे. मी नाही घेतली. दिवाळीत तू आपल्या ओसरीवरून उठताना बाबांचा हात धरलास. मग मी तू झोपल्यावर टेप घेऊन घरातल्या सगळ्या खुर्च्या मोजल्या, ज्यांच्यावरून तू आपली आपण उठतेस त्या. दांडे पण त्याच्यासाठीच घातलेत."

पुण्याच्या भर पेठेत माझ्या गुडघ्यांच्या मापाचा बाक आहे आणि मी त्याच्यासमोर उन्हात उभी राहून आले, याचा मला फार राग आला.

खडकवासला

रविवारी प्रज्ञाच मला खडकवासल्याला घेऊन गेली, दोघींचंही डोकं जरा निवावं म्हणून. धरणाच्या भिंतीवर अख्खं पुणं लोटलेलं होतं. कैरीच्या फोडींना तिखटमीठ, कांदाभजी, निखाऱ्यावरची कणसं. मे महिन्यातही ते एवढं पाणी बघून मला जरा गलबलून आलं. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ कधी येईल त्याची वाट बघत ड्रम भरून ठेवतात, अन् इथे लोक पाण्याकडे पाठ करून फोटो काढत होते.

पाणी बघितलं की मला आमच्या गावची विहीर आठवते. ती कागदोपत्री सगळ्या गावाची होती. माझी आजी मात्र घागर लांब ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर ओतायचे, नाही आली तर ती उन्हात तशीच उभी. ओठ सुकायचे, पण विहिरीला हात लावायचा नाही. छप्पन साली माझे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आजीने घागर उचलली आणि सरळ विहिरीवर गेली. तिने कुणाला विचारलं नाही, की कुणाशी भांडली नाही. पाणी काढलं आणि घरी आली. त्यानंतर घराने बरंच सोसलं, पण आजी पुन्हा कधी लांब उभी राहिली नाही. सगळ्यांची म्हणून जी वस्तू असते ती वापरायला परवानगी मागायची नाही, हे आमच्या घरात मुळाक्षरांच्या आधी शिकवलं जातं.

हे सगळं प्रज्ञाला पाठ आहे. मी फक्त एवढंच म्हटलं, "पाणी बघ किती आहे."

परतीच्या बसची वाट बघायला आम्ही एका चिंचेखाली गेलो. तिथे ना खांब, ना पाटी, ना छप्पर. तरी झाडाच्या बुंध्याभोवती माणसं मजेत बसलेली, कुणी मुळावर, कुणी दगडावर. एका बाईने सरकून मला जागा दिली. बस आली ती बरोबर झाडासमोर थांबली. मी प्रज्ञाला विचारलं, "या झाडाचं उद्घाटन कुणी केलं होतं ग?"

ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

सोमवार ते गुरुवार ती हसली नाही. कंत्राटदाराला फोन झाले, तो म्हणाला पाहुणे नाराज होतील. तिच्या सरांना पुढची कामं हवी होती. त्यांनी बजावून सांगितलं, फितीला हात लावायचा नाही. प्रज्ञाची नोकरी नवी, तिने लावलाही नाही. गुरुवारी रात्री ती म्हणाली, "आत्या, उद्या तुझी दुपारची गाडी आहे. मला पाहणीला जावं लागेल, तुला सोडायला जमणार नाही. रिक्षा करशील?"

"बसने जाईन," मी म्हटलं. "पेठेत जरा बाकरवडी घ्यायची आहे."

पुन्हा पेठेत

मला नाटक करायचं नव्हतं, हे आधी सांगते. मला खरोखरच स्टेशनची बस हवी होती आणि हातात खरोखरच जड पिशवी होती. थांब्याजवळ पोचले तर तेच दृश्य. फीत, प्लास्टिक, आणि उन्हात उभी माणसं. मालनबाई होत्या, दामलेही होते. रस्त्याच्या पलीकडे प्रज्ञा तिच्या सरांबरोबर उभी होती. तिने मला अजून पाहिलं नव्हतं.

फितीला हात लावायचा नाही, असं प्रज्ञाच्या सरांनी सांगितलं होतं. मी मोठ्यांचं ऐकते. म्हणून मी हात लावला नाही. शनिवारच्या उन्हानंतर बरोबर घेतलेल्या छत्रीच्या टोकाने फीत वर उचलली, वाळत घातलेल्या कपड्याखालून जावं तशी आत गेले, आणि फीत पुन्हा होती तशी सोडून दिली. प्लास्टिकबद्दल कुणी काहीच बोललं नव्हतं, तेव्हा ते गुंडाळून बाजूला ठेवलं. आणि बसले.

"अहो बाई!" दामले म्हणाले. "उद्घाटन व्हायचंय."

"होऊ द्या की. मी कुठे नको म्हणते? माझी गाडी मात्र पाहुण्यांसाठी थांबणार नाही."

इतक्या लोकांच्या नजरा आणि मी एकटी बाकावर. आजीला विहिरीवर काय वाटलं असेल, त्यापुढे हे काहीच नाही, असं मनाला सांगत मी पिशवीवर हात ठेवून बसून राहिले. कुणी उठवायला आलं नाही. उठवणार कोण? तिथे फीत होती, पण फितीमागे माणूस कुणीच नव्हता.

मालनबाई फितीपाशी आल्या. "ताई, गार हाय का वो आत?"

"वारा येतो मागून. या ना."

त्यांनी पाटी आधी आत सरकवली, मग वाकून स्वतः आल्या. माझ्याशेजारी बसल्या आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला हसूच आलं. मग कडेवर मूल घेतलेली एक पोरगी आली. कॉलेजच्या दोन मुली आल्या, त्यातली एक म्हणाली, "शी यार, इतके दिवस आपण उगाच उन्हात!" प्रत्येक जण वाकत होता, फीत डोक्यांना घासत होती. शेवटी मालनबाई कंटाळल्या. त्यांनी एका बाजूची गाठ सोडली आणि फीत खांबाला नीट गुंडाळून ठेवली. म्हणाल्या, "कापायची आसंल त्यानं कापावी, हितंच हाय."

बाक भरत आला तरी दामले बाहेरच. मी सरकले आणि थोडी जागा केली. त्यांनी छत्री मिटली, इकडेतिकडे पाहिलं, आत आले आणि अगदी कडेला बसले.

"मी बसलेलो नाही," ते म्हणाले. "टेकलो आहे."

तेवढ्यात अधिकारी आले. त्यांच्यामागे एक-दोन दुकानदार, आणि प्रज्ञा. तिने बाकाकडे पाहिलं, मग मला पाहिलं, आणि तिचं पाऊल जागीच थांबलं. मी तिला ओळख दाखवली नाही. मी आपली बसची वाट बघणारी एक बाई.

मुख्य साहेबांनी छप्पर पाहिलं, पाटी पाहिली, भरलेला बाक पाहिला. खांबाला गुंडाळलेल्या फितीवर त्यांची नजर गेली. "उद्घाटन झालं वाटतं?" त्यांनी कुणालातरी उद्देशून विचारलं. प्रज्ञाच्या सरांचा चेहरा पडला.

"झालं की," दामले बसल्या जागेवरून म्हणाले. "आपल्याला जरा उशीर झाला."

साहेबांनी दामल्यांकडे पाहिलं. मग हसले. हसले म्हणजे चक्क मोठ्याने हसले, आणि मालनबाईंना विचारलं, "काय मावशी, बरं आहे का?"

"बरं हाय. पर मांजरीची गाडी वेळंवर सोडा."

माझी बस आली. मी पिशवी घेतली, निघाले, आणि गर्दीत प्रज्ञाशी बोलायचं राहूनच गेलं. खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा माझ्या जागेवर आणखी कुणी बसलं होतं.

अकोला

घरी येऊन बरेच दिवस झाले, मग प्रज्ञाचा फोन आला. गाड्या लावायचा प्रस्ताव मागे पडला आहे, पुढच्या रस्त्याचं काम त्यांच्याच ऑफिसला मिळालं आहे आणि थांब्यांची आखणी तिच्याकडे आली आहे. फीत अजून खांबालाच गुंडाळलेली आहे, पाहुण्यांना वेळ मिळालेला नाही. दामले रोज टेकतात. त्यांनी तिला सुनावलं म्हणे, पाटीवर एवढी मोठी अक्षरं कशाला, ती वाचायला कुणी पुण्याबाहेरून येणार आहे काय?

हे सगळं तिने भराभर सांगितलं.

"आत्या, एक विचारायचं राहिलं. इथे सगळ्या गर्दीत मला नीट दिसलं नाही." तिचा आवाज वाळूच्या घराला दार कुठे ठेवू विचारायची तेव्हासारखा झाला होता. "बस आली तेव्हा, उंची बरोबर होती का?"

"एका हातात पिशवी होती," मी म्हटलं, "दुसरा तुझ्या दांड्यावर. उठले. कुणाचा हात धरावा लागला नाही."